कोल्लेदूरोची मेंढरं

“काय रे दुलियो, तुमच्या देशात मेंढराला मालक असतो का नसतो?”

आसुंता म्हातारीनं मला हे भर चौकात विचारलं, आणि तेही सगळ्या गावासमोर, कमरेवर हात ठेवून. माझं नाव धुळा. धुळा बरकडे, म्हसवडच्या पलीकडच्या वाडीचा, जातीचा धनगर. पण इटलीतल्या कोल्लेदूरो नावाच्या त्या डोंगरी गावात ‘धुळा’ कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी माझा दुलियो करून टाकला होता. त्यांची भाषा मला एव्हाना मोडकीतोडकी यायला लागली होती. शिव्या तर सगळ्याच यायच्या.

“असतो की मावशी,” मी म्हणालो.

“मग तेवढं ह्या लाल रुमालवाल्याला समजावून सांग. हिवाळ्यात ह्यांनी माझ्या दोन मेंढ्या नेल्या आणि खाल्ल्या. विचारलं तर म्हणे, मावशी, सगळं सगळ्यांचं असतं. बरं बाबा, असेल. मग ह्यांच्या बंदुका माझ्या का नाहीत? द्या की एक! कोल्ह्याला भ्या दाखवायला होईल.”

गाव खदाखदा हसलं. लाल रुमालवाला म्हणजे मार्तेल्लो, आमच्या टोळीचा म्होरक्या. मार्तेल्लो म्हणजे हातोडा. त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या टोळीत खरं नाव सांगायचंच नाही अशी रीत होती, म्हणजे एखादा पकडला गेला तरी त्याच्या तोंडून दुसऱ्याचं नाव जायला नको. खाली मैदानातल्या रेल्वेच्या कारखान्यात तो फिटर होता. हडकुळा गडी, तिशीही ओलांडली नव्हती, पण भाषणाला उभा राहिला की त्याला खाली बसवणं मुश्कील. म्हातारीपुढं मात्र तो रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधत बसला.

मी तिथं कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, धनगर कुठं आणि इटली कुठं. मी मराठा पलटणीत होतो. आफ्रिकेत तोब्रुकला आमच्या मोठ्या साहेबांनी पांढरं फडकं दाखवलं आणि हजारो माणसांबरोबर मी पण हात वर केले. माझ्या ब्रेनगनमध्ये भरलेलं मॅगझिन होतं, एक गोळी झाडली नव्हती. ते मॅगझिन मला पुढं कितीतरी वेळा स्वप्नात दिसलं. मग जहाज, मग इटलीतला कैदखाना. एक दिवस इटलीनं लढाई सोडली, पहारेकरी टोप्या फेकून घरी गेले, आणि जर्मन यायच्या आत मी आणि राजापूरकडचा तावडे, आम्ही दोघं तारा वाकवून डोंगरात सटकलो. कोल्लेदूरोच्या वर एका गोठ्यात आसुंता म्हातारीला आम्ही सापडलो. तिनं आधी काठी उगारली, आणि मग मी तिच्या आजारी मेंढीचा खूर कसा धरतोय ते बघून काठी खाली ठेवली. पुढं मार्तेल्लोची टोळी भेटली. त्यांच्याकडं विमानातून टाकलेली एक ब्रेनगन होती आणि ती चालवता कुणालाच येत नव्हती. आम्हाला येत होती. झालो आम्ही कॉम्रेड!

कम्युनिस्ट म्हणजे काय हे मला तेव्हा नीट कळत नव्हतं, आणि तावडेला तर मुळीच नाही. पण हिवाळ्यात टोळीचे जे हाल झाले ते बघितले. जर्मनांनी दवंडी पिटली होती की बंडखोरांना भाकरी देईल त्याचं घर जाळू. दारं बंद झाली. निम्मी टोळी पांगली, काही धरले गेले, काही थंडीनं गेले. उरलो आम्ही सातआठ जण. गावात आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं, आणि मेंढ्यांवर हात टाकला तो त्याच दिवसांत. भूक माणसाला चोर करते. म्हातारीचा राग खोटा नव्हता.

आणि मग जून उजाडला. रोम इंग्रज-अमेरिकनांच्या हाती पडलं अशी बातमी आली, जर्मन उत्तरेकडे निघाले, आणि एकाएकी सगळ्या गावाला आमच्याबद्दल माया सुटली. ज्या न्हाव्यानं हिवाळ्यात आम्हाला पाणी विचारलं नव्हतं तो बायकोचा लाल परकर फाडून रुमाल बांधून आला. पोस्टमन आला, त्याचा मेव्हणा आला. तावडे मला म्हणाला, “धुळ्या, हे कम्युनिस्ट पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवायला लागले की रे!”

पण जाणारे जर्मन रिकाम्या हातानं जात नव्हते. वाटेतलं प्रत्येक जनावर घेऊन जात होते. शेजारच्या दोन गावांचे कळप त्यांनी कुरणावरूनच हाकलत नेले होते. कोल्लेदूरोचा कळप दीडदोनशे मेंढरांचा. एरवी थंडीत तो खाली समुद्राकडच्या मैदानात जायचा, पण त्या वर्षी मध्ये लढाईची फळी होती, म्हणून सगळी मेंढरं गावातच राहिली. जमीन म्हणाल तर नुसते दगड. त्या मेंढरांचं दूध, चीज, लोकर, ह्याच्यावर सगळं गाव जगायचं. कळप गेला की गाव उठलं. म्हणून तर चौकात सभा भरली होती.

मार्तेल्लोनं घसा साफ केला. “मावशी, मेंढ्यांचं मी भरून देईन. पण आज गोष्ट वेगळी आहे. उद्या सकाळी जर्मनांची शेवटची तुकडी ह्या रस्त्यानं जाणार. वरच्या वळणावर आमची ब्रेनगन असेल. असा धडा शिकवू की...”

“कुणाला शिकवशील? ते जातायत ना? जाऊ देत की!”

“न लढता जाऊ द्यायचं? मग हे सगळं केलं कशासाठी आम्ही?”

माझं मन मार्तेल्लोच्या बाजूचं होतं, खोटं कशाला सांगू. मला एकदा तरी ते मॅगझिन रिकामं करायचं होतं. घरी जाऊन बापाला काय सांगणार होतो? दोन वर्षं लढाईत होतो आणि हात वर करून उभा होतो?

शेवटी गावचे पाद्री, दोन सिल्वेस्त्रो, मध्ये पडले. हा ‘दोन’ आकडा नव्हे, आपल्याकडं महाराज म्हणतात तसा तिथला मान. त्यांनी तोडगा काढला. मेंढरं गावातच, घराघरांत लपवायची. तळघरात, माजघरात, देवळात, जिथं जागा असेल तिथं. जर्मन कुरणं शोधतील, गोठे शोधतील, पण घाईत असलेला माणूस कुणाच्या झोपायच्या खोलीत मेंढी शोधणार नाही. आणि मेंढरं लपल्यावर मार्तेल्लोला काय करायचं ते त्यानं करावं.

“पण गावाच्या हद्दीत नाही,” म्हातारी म्हणाली.

“वळण हद्दीच्या बाहेर आहे,” मार्तेल्लो म्हणाला. ते वळण चौकातून दगड मारला तर लागेल एवढ्या अंतरावर होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी आणि तावडे ब्रेनगन घेऊन कड्यावर जाऊन बसलो. खाली पांढरा रस्ता, पलीकडं गाव, सगळं तळहातासारखं दिसत होतं. थोडं खाली एका खडकाआड मार्तेल्लो. त्यानं लाल रुमाल हलवला की आम्ही सुरू करायचं, असं ठरलं होतं.

“धुळ्या, मेल्या, आज मला झाडू दे रे,” तावडे म्हणाला. “एकच मॅगझिन.”

“बंदूक माझी. तू मॅगझिन बदलायचं.”

“तोब्रुकला पण तूच धरून बसला होतास. काय उजेड पाडलास?”

मला राग आला. मॅगझिनची पिशवी कमरेला आवळून बांधली आणि रस्त्याकडं डोळे लावून बसलो. लांब दरीत धूळ दिसायला लागली होती. येत होते.

आणि तेवढ्यात गावातून आवाज आला.

आधी एक कोकरू. मग दुसरं. मग एक मेंढी, घसा फोडून. आणि मग काय विचारता, सगळं गावच बेंबटायला लागलं! प्रत्येक दारातून, प्रत्येक खिडकीतून बें बें बें. दरीतून त्याचा घुमारा उठत होता. आंधळ्याला सुद्धा कळलं असतं की ह्या गावात घराघरांत मेंढरं कोंबलेली आहेत.

“हे काय झालं रे?” तावडे म्हणाला.

मला ऐकताक्षणी कळलं. त्यात माझी हुशारी काही नाही, धनगराच्या पोराला हे पाळण्यात कळतं. “आरं तावड्या, कोकरं तोडली रं त्यांनी! आयांपासून कोकरं तोडली!”

झालं होतं ते असं. आम्ही वर गेल्यावर खाली मार्तेल्लोच्या लोकांनी समिती बसवून मेंढरांची वाटणी केली होती. एकाला जास्त, दुसऱ्याला कमी असं होऊ नये, जोखीम सगळ्यांची सारखी. मोठी तळघरं असलेल्यांना मेंढ्या. लहान घरांना, जिथं जागा कमी, तिथं कोकरं. न्याय अगदी चोख! आसुंता म्हातारी बोंबलत होती की असं करू नका, पण सगळ्यांना वाटलं, हिला आपली मेंढरं आपल्याच घरात हवीत, म्हणून ओरडतेय. तिला दोघांनी धरून घरात बसवलं.

धूळ जवळ येत होती. मी बंदुकीकडं बघितलं. पलटणीत पहिला धडा शिकवतात तो हा की हुकमाशिवाय जागा सोडायची नाही. आणि मला तर दोन वर्षांनी जागा मिळाली होती, बंदूक मिळाली होती, समोर शत्रू येत होता. पण कानात ती कोकरं ओरडत होती. तुम्हाला खरं सांगतो, आईपासून तुटलेलं कोकरू ओरडताना मी जन्मात कधी स्वस्थ बसलेलो नाही.

“मी येस्तोवर गोळी झाडशील तर बिरोबाची आण हाय तुला,” असं तावडेला म्हणालो आणि कड्यावरून घसरत निघालो.

“अरे पळतोस कुठं? धुळ्या!”

खडकाजवळून जाताना मार्तेल्लोनं बघितलं. त्याला वाटलं, गडी फितूर झाला नाहीतर घाबरला. पिस्तूल काढून तो माझ्यामागं धावला. “दुलियो! जागा सोडलीस! थांब, गोळी घालीन!”

“घाल!” मी मागं न बघता ओरडलो. “पण आधी दारं उघडायला लाव!”

चौकात पोचलो तेव्हा न्हावी दोन कोकरांची तोंडं दोन हातांनी दाबून रडकुंडीला आला होता. पोस्टमनच्या घरातली मेंढी गच्चीवर चढली होती. मी आसुंताच्या दाराला लाथ घातली. म्हातारी आत कोयंडा धरूनच उभी होती.

“मावशी, सगळी दारं उघडायची!”

“अरे मी काय मघापासून आरती करत होते?” ती म्हणाली आणि मला ढकलून रस्त्यावर आली. “उघडा रे दारं! सगळ्यांची! मुडद्यांनो, उघडा!”

कुणी उघडेना. हे म्हणे, माझी मेंढरं त्याच्या घरात जातील. ते म्हणे, त्याची खरूज झालेली मेंढी माझ्यात मिसळेल. जर्मन दाराशी आलेत आणि ह्यांचं माझंतुझं चाललंय! शेवटी मी चौकाच्या मधोमध उभा राहिलो आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” त्यांना काय कळलं देव जाणे, पण दारं उघडली. बहुतेक वाटलं असेल की ह्या परदेशी माणसाला वेड लागलं.

मार्तेल्लो धापा टाकत आला. पिस्तूल माझ्या छातीवर. त्याच्या हातात मी एक कोकरू दिलं. “धर. हे सुटलं तर पायाखाली चिरडेल.” त्यानं पिस्तूल कमरेला खोचलं आणि दोन्ही हातांनी कोकरू धरलं.

मग जे झालं ते सांगायला वेळ लागतो, व्हायला लागला नाही. मेंढ्या आणि कोकरं चौकात एकमेकांत घुसली. मेंढी कोकराला शेपटीकडून हुंगते, आपलं नसलं तर डोक्यानं ढकलून देते, आपलं असलं की गप्प होते. एक गप्प झाली, दोन झाल्या, हळूहळू आवाज विरत गेला. ढुशा मारत दूध प्यायला लागली कोकरं. तेवढ्यात मोटारींची घरघर ऐकू आली.

“आता जी जिथं आहेत तिथल्या दारात ढकला!” म्हातारी ओरडली. “कुणाची कोण बघू नका!”

त्यांच्या घरात ह्यांची, ह्यांच्या घरात त्यांची, कसलाही हिशेब नाही. न्हाव्यानं लाल रुमाल खिशात कोंबला आणि पाच मेंढ्या घेऊन बायकोच्या माहेरी घुसला, ज्यांच्याशी त्याचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. शेवटचा मोठा घोळका देवळाच्या पायऱ्यांशी होता. मी, मार्तेल्लो आणि दोन सिल्वेस्त्रोंनी तो आत रेटला आणि दार लावून घेतलं.

आत अंधार, मेणबत्तीचा वास आणि साठसत्तर मेंढरं. खाली बसलो तेव्हा कमरेला काहीतरी टोचलं. बघतो तर मॅगझिनची पिशवी! सगळ्या गोळ्या माझ्याकडं आणि बंदूक वर तावडेकडं. मला घाम फुटला, आणि हसू पण आलं.

बाहेर मोटारी थांबल्या. बूट वाजले. विहिरीवर बादली पडल्याचा आवाज झाला. पाणी भरत होते. आणि नेमकं तेव्हा एक चुकार कोकरू, ज्याची आई दुसऱ्याच घरात गेली होती, त्यानं तोंड उघडलं.

दोन सिल्वेस्त्रोंनी एकदम खणखणीत आवाजात संतांची नावं घ्यायला सुरुवात केली. एक नाव त्यांनी म्हणायचं आणि लोकांनी म्हणायचं, आमच्यासाठी विनंती कर. लोक म्हणजे आम्ही दोघं. मी लगेच सुरू केलं. मला काय, देव कुणाचा का असेना. मार्तेल्लो कोकरू कुरवाळत बसला.

“म्हण ना!” पाद्री दोन नावांच्या मध्ये कुजबुजले.

“मी देव मानत नाही.”

“ही मेंढरं पण मानत नाहीत. त्यांच्यासाठी म्हण.”

आणि मार्तेल्लोनं आवाज लावला. काय सांगू तुम्हाला! कारखान्यातल्या शेकडो माणसांपुढं बोलायला कमावलेला आवाज तो. कोकरू बेंबटलं की तो अशी आरोळी ठोकायचा की खिडकीच्या काचा थरथरायच्या. एका काखेत कोकरू, गळ्यात लाल रुमाल, आणि तोंडात संतांची नावं.

दाराची कडी हलली. आम्ही म्हणायचं थांबलो नाही. बाहेर कुणीतरी जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. आणि मग आसुंताचा आवाज आला.

“काय पाहिजे? दारू पाहिजे ना? ही घे. आत मयताची प्रार्थना चाललीय. तुझ्या आईनं शिकवलं नाही का, प्रार्थनेत दार वाजवू नये? घे म्हणते ना! आणि निघ आता, लांब जायचंय तुला.”

त्याला भाषा कळली नसेल. पण म्हातारीचा सूर कुठल्याही देशातल्या पोराला कळला असता. कडी सुटली. हॉर्न वाजला, मोटारी सुरू झाल्या आणि घरघर चढणीला लागली. वळणावर आली. मी कान टवकारून ऐकत होतो. वळण गेलं. आवाज विरला.

गेले.

मार्तेल्लो भिंतीला टेकून बसला आणि हुंदके देऊन रडला. दोन सिल्वेस्त्रो त्याच्या शेजारी बसले. मी बाहेर आलो तेव्हा तावडे कड्यावरून खाली उतरत होता, ब्रेनगन खांद्यावर आणि तोंडात आईबहिणीवरून शिव्या.

“मेल्या धनगरा! सगळी वरात डोळ्यांसमोरून गेली! ट्रकात बसून ओंडक्यासारखी झोपलेली होती ती! आणि तू गोळ्या कमरेला बांधून मेंढरात!”

“देवाशप्पथ, मला ठाऊक नव्हतं रं.”

“ठाऊक नव्हतं म्हणे!” त्यानं बंदूक भुईवर ठेवली. मग म्हणाला, “जाऊ दे. ट्रकावर पोरंच होती. आपल्या बाळ्यापेक्षा बारकी.” बाळ्या त्याचा धाकटा भाऊ.

दुपारी दरीच्या पलीकडं धूर दिसला. तिथल्या एका गावात कुणीतरी त्याच तुकडीच्या शेपटावर दोन बार काढले होते. जर्मन मागं फिरले, आणि जायच्या आधी त्यांनी ते गाव पेटवलं. माणसं पण गेली. आमचं गाव तो धूर बघत उभं होतं. मार्तेल्लो सगळ्यांच्या पुढं होता. आपण आज काय करणार होतो ते त्याला कळत होतं, मलाही कळत होतं. मला बंदूक सोडल्याची लाज वाटेल अशी मी वाट बघत होतो. ती आलीच नाही.

पुढं एकदोन दिवसांतच जीप आली. एक इंग्रज कॅप्टन, आणि त्याच्याबरोबर आपलाच माणूस, सुभेदार इंगवले! मराठी ऐकून मी आणि तावडेनं त्यांचे पायच धरले. पण कॅप्टनला घाई होती. त्याचं इंग्रजी सुभेदारांच्या कानात, सुभेदारांची मराठी माझ्या कानात आणि माझी मोडकी इटालियन मार्तेल्लोच्या कानात, असं बोलणं सुरू झालं.

“साहेब विचारतात, टोळीनं जर्मन किती मारले?”

मार्तेल्लोनं डोकं खाली घातलं. “ह्या गावात? एकही नाही.”

कॅप्टननं खांदे उडवले. बंदुका जमा करा म्हणाला. मार्तेल्लोनं स्वतः एकेक बंदूक आणून जीपमध्ये ठेवली. ब्रेनगन मी ठेवली. हिवाळाभर ज्यांच्यासाठी उपाशी राहिलो ती हत्यारं अशी गेली, आणि टोळीची टोळी बाजाराच्या दुसऱ्या दिवसासारखी मोकळी दिसायला लागली. नव्या रुमालवाल्यांनी रुमाल हळूच सोडून खिशात घातले.

“आणि गावाचा कारभार,” सुभेदार म्हणाले, “साहेब ह्या वकीलसाहेबांकडं देतायत. त्यांना इंग्रजी येतं.”

वकील पेत्रुच्ची शेजारीच उभा होता, पांढरा शर्ट, चकचकीत बूट. थंडी पडायच्या आधी तो शहरात गेला होता तो आदल्या दिवशी परत आला होता.

मी हे इटालियनमध्ये सांगितलं. मग आसुंता म्हातारी पुढं झाली.

“दुलियो, त्या साहेबाला सांग, आमच्या गावात कारभारी असा नेमत नाहीत.”

“मग कसा नेमतात, मावशी?”

“कळप कुरणाला निघायच्या दिवशी ज्याला मेंढरं सांभाळायला द्यायची त्याच्यामागं आपापली मेंढरं नेऊन उभी करायची. ज्याच्यामागं कळप, तो म्होरक्या. माझ्या आज्याच्या काळापासून हेच आहे. वकिलाला म्हणावं, उभा राहा इथं. आणि तू रे हातोड्या, तू तिथं.”

मार्तेल्लो जागचा हलेना. “मावशी, माझ्याकडं आता बंदूक पण नाही.”

“म्हणूनच तर. उभा राहा.”

तिनं घराचं दार उघडलं आणि आतली मेंढरं हाकत आणली. त्यातली निम्मी तिची नव्हतीच. अजून कुणी वेगळी केली नव्हती. ती तिनं त्याच्यामागं उभी केली, आणि वकिलाकडं ढुंकूनही बघितलं नाही. मग न्हावी आला, त्याच्यामागं त्याचा सासरा, पुढंमागं चालत, भांडतच. पोस्टमन आला. देवळाचं दार उघडलं आणि दोन सिल्वेस्त्रो झगा वर धरून स्वतः मेंढरं हाकत बाहेर पडले. दारादारातून मेंढरं येत होती. जीपला हलायला जागा राहिली नाही. एका कोकरानं कॅप्टनचा बूट चाटायला घेतला.

“हे काय चाललंय?” कॅप्टननं विचारलं. सुभेदारांनी मला विचारलं. मी सांगितलं. सुभेदार इंगवले मिशीत हसले आणि त्यांनी साहेबाला काय सांगितलं कुणास ठाऊक, बराच वेळ सांगत होते. ते सुद्धा माणदेशाचेच. कॅप्टननं एकदा वकिलामागच्या रिकाम्या फरशीकडं बघितलं, एकदा मार्तेल्लोकडं, आणि टोपी मागं सारून मोठ्यानं हसला.

“नाव विचार त्याचं,” तो म्हणाला.

“साहेब नाव विचारतायत,” मी म्हणालो.

“मार्तेल्लो.”

“खरं नाव.”

त्यानं सगळ्या गावाकडं बघितलं. हिवाळाभर जे आम्हा कुणालाही सांगितलं नव्हतं ते तो त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, “एर्नेस्तो. एर्नेस्तो फाल्कोने. आईचं नाव सांतीना.”

जीप गेली. वकीलही गेला. चौकात मेंढरं, माणसं आणि मार्तेल्लो. तो तसाच मधोमध उभा होता, हात लोंबत, चेहरा पांढराफटक. जर्मनांच्या मोटारी येताना सुद्धा मी त्याला एवढा घाबरलेला बघितला नव्हता.

“दुलियो,” तो हळूच म्हणाला, “आता मी ह्यांचं काय करू?”

“काय करायचं? ऊन चढायच्या आत चारायला न्यायची,” मी म्हणालो, “आणि संध्याकाळी सगळीच्या सगळी परत आणायची.”